चांगला राजा, पण… 'उच्च स्थाने' शेवटपर्यंत का राहिली?

लालपेन्सिल
आमच्या मंडळीत रविवारी संध्याकाळी अभ्यासवर्ग असतो. सध्या जुन्या करारातली राजांची दोन्ही पुस्तकं वाचतोय. मी आजीचं जुनं पवित्र शास्त्र घेऊन जाते. पाठीचा पुठ्ठा सुटलाय, पानांना तेलाचा वास येतो. आजीने या भागात लाल पेन्सिलीने एकाच प्रकारच्या वाक्यांखाली रेघा मारून ठेवल्यात. आसा राजाने परमेश्वराच्या दृष्टीने योग्य ते केलं, पण उच्च स्थानं काढली गेली नाहीत. यहोशाफाट बापाच्या वाटेने चालला, पण उच्च स्थानं काढली गेली नाहीत. मग योवाश, अमस्या, अजऱ्या, योथाम. यहूदाचे सहा राजे, सहाही भले म्हणून गौरवलेले आणि सहांच्याही नावापुढे तोच 'पण'. लोक तिथे यज्ञ करत राहिले, धूप जाळत राहिले.

आसाचं तर नवल वाटतं. त्याने प्रत्यक्ष माकाला, घरातल्या वडीलधाऱ्या बाईला, राजमातेच्या पदावरून उतरवलं. तिने केलेली अशेरा देवीची मूर्ती फोडून किद्रोन ओहोळाकाठी जाळली. एवढं धाडस ज्याने घरात दाखवलं, त्याला गावाबाहेरचे दगडी चौथरे का हलवता आले नाहीत? वर्गात प्रत्येकाने वेगळं उत्तर दिलं. मला एकही पटलं नाही. म्हणून इथे विचारते.

निवृत्तमास्तर
ताई, उत्तर सरळ आहे. राजाला गादी सांभाळायची असते. यरुशलेमात हुकूम चालतो, खेड्यात चालवायला गेलं की माणसं बिथरतात. घरातली मूर्ती जाळणं सोपं, कारण तिथे एकाच बाईची नाराजी. शंभर गावांची नाराजी कोण अंगावर घेणार? मी याला भित्रेपणा म्हणतो आणि शास्त्रकर्त्यालाही तेच म्हणायचंय.

स्वच्छंद
'उच्च स्थान' म्हणजे डोंगरावरचं देऊळ का? नेमकं काय असायचं तिथे?

मातीचा_माणूस
@स्वच्छंद, मूळ शब्द 'बामा', अनेकवचन 'बामोत'. डोंगरावरच असायला हवं असं नाही. तोफेथची उच्च स्थानं हिन्नोमच्या खोऱ्यात होती, म्हणजे चक्क खोलगट जागी. काही नगरांत होती, वेशीजवळही होती. रचलेला चौथरा, त्यावर वेदी, शेजारी उभा दगड, कधी अशेरा देवीचा लाकडी खांब, त्यालाही अशेराच म्हणत. बाजूला बसून जेवायची खोलीही असे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात तरुण शौल हरवलेली गाढवं शोधत येतो, तेव्हा शमुवेल उच्च स्थानीच निघालेला असतो. तिथे तीसेक पाहुणे जेवायला बसलेत आणि आचाऱ्याने राखून ठेवलेली मांडी शौलापुढे वाढली जाते. शमुवेलाला यात काही गैर वाटत नाही.

त्यामुळे मास्तरांशी मी सहमत नाही. आसा भित्रा नव्हता. त्याच्या काळी ही जागा चुकीची आहे असं बहुतेकांना वाटतच नसावं. शलमोनाने गिबोनच्या मोठ्या उच्च स्थानी एक हजार होमबली दिले आणि त्याच रात्री तिथे परमेश्वराने त्याला दर्शन दिलं. 'एकाच ठिकाणी उपासना करा' हा नियम 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात आहे. त्या नियमाची धार आली पुष्कळ नंतर, यहूदाचा राजा योशीया याच्या काळात. राजांचं पुस्तक लिहिणाऱ्याने ती पट्टी मागच्या तीनशे वर्षांना लावली आणि सहा जणांना 'पण' मिळाला.

निवृत्तमास्तर
म्हणजे नियम नंतर आला आणि गुन्हा आधीचा? हे मला मान्य नाही. आज्ञा मोशेच्या काळापासून होती. पाळली नाही, एवढंच.

मातीचा_माणूस
मास्तर, तुमच्या श्रद्धेला धक्का लावायचा हेतू नाही. एक उदाहरण देतो. कर्मेल डोंगरावर एलीया संदेष्टा बआल या परक्या देवाच्या ४५० संदेष्ट्यांसमोर उभा राहिला तेव्हा त्याने आधी काय केलं? मोडून पडलेली परमेश्वराची वेदी बारा दगड घेऊन दुरुस्त केली. ती यरुशलेमात नव्हती, कर्मेलवर होती. पुढच्याच अध्यायात तो देवाकडे गाऱ्हाणं करतो की यांनी तुझ्या वेद्या मोडून टाकल्या. 'वेद्या', अनेकवचनी. बआलचा सगळ्यात कट्टर वैरी स्थानिक वेदी पडली म्हणून रडतोय.

निवृत्तमास्तर
हे मी तीस वर्षं वाचतोय आणि या नजरेने पाहिलं नव्हतं. विचार करतो.

बीरशेबाची_सून
एलीयाचं नाव निघालं म्हणून लिहिते. आम्ही बेने इस्राएल. माझं माहेर अलिबागकडचं, आता बीरशेबात राहते. घरी अजून मराठीच. आमच्यात शुभकार्याला, नवसाला मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं आणि 'एलियाहू हानाबी'चं, म्हणजे एलीया संदेष्ट्याचं, गाणं. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर त्याच्या रथाची खूण आहे असं आमचे लोक मानतात, तिथे जातात. इथे कुणी नवखं विचारतं, हे मूर्तिपूजेसारखं नाही का? नाही. आम्ही एलियाहूला देव मानत नाही, त्याची आठवण ठेवतो आणि प्रार्थना एकाच देवाची करतो. पण त्या प्रश्नाने मी कित्येकदा रात्री जागी राहिले आहे. म्हणून हा धागा माझ्यासाठी नुसता इतिहास नाही.

आमच्या घरापासून थोड्या अंतरावर तेल शेवा आहे, जुनं बीरशेबा. त्याबद्दल सविस्तर रात्री लिहिते, मुलांची जेवणं व्हायचीत.

देवगडकर
मलिद्याची कृती पण टाका वहिनी. गूळ चालतो का?

बीरशेबाची_सून
चालतो. आमच्या मामी गूळच घालायच्या. पोहे जाड घ्या, पातळ विरघळतात.

चिंचेचं_झाड
मला वाटतं सगळे राजांकडे आणि वेद्यांकडे बघताय, घराकडे कुणीच बघत नाही.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ७वा अध्याय काढा. मुलं लाकडं गोळा करतात, बाप चूल पेटवतात, बायका कणीक मळतात, कशासाठी? आकाशराणी नावाच्या देवीसाठी पोळ्या करायच्या म्हणून. सगळं घर कामाला लागलंय. हे योशीयानंतरचं चित्र असो वा आधीचं, राजाचे शिपाई इथे पोचणार कसे? चौथरा पाडता येतो, कणकेचा गोळा कसा पाडणार?

यहूदाच्या घरांत मातीच्या बाहुल्या शेकड्यांनी सापडल्या आहेत. इ.स.पू. ८व्या-७व्या शतकातल्या. वितीहून लहान, खालचा भाग खांबासारखा, हात छातीखाली धरलेले. यरुशलेमातच भरपूर मिळाल्या, मंदिरापासून हाकेच्या अंतरावर. बहुतेक फुटलेल्या. ती अशेरा होती, की बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून ठेवलेली नुसती बाहुली, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला त्या फुटक्या बाहुल्यांचे फोटो बघताना वाटतं, मूल जगेल का या काळजीतली बाई धोरण बघून हात जोडत नाही.

पायवाट
@चिंचेचं_झाड +१. राहेलने लाबानाच्या घरातल्या देवता पळवून उंटाच्या खोगिरात लपवल्या आणि वर बसून राहिली. दावीदाची बायको मीखल, तिने त्याला वाचवायला बिछान्यात गृहदेवतेची मूर्ती ठेवली आणि वर पांघरूण घातलं. म्हणजे खुद्द दावीदाच्या घरात माणसाएवढी गृहदेवता होती! कथा सांगणारा त्यावर एक शब्दही बोलत नाही.

मातीचा_माणूस
आणि राजाच्या घरात हे, तर राजाच्या किल्ल्यात काय होतं तेही सांगतो. मृत समुद्राच्या पश्चिमेला अराद. यहूदाच्या राजाची शिबंदी तिथे असे, तिथल्या खापरांवर लिहिलेली सरकारी पत्रंही सापडली. १९६०च्या दशकात योहानान अहारोनी यांनी खोदलं तेव्हा किल्ल्याच्या आतच देऊळ निघालं. अंगणात वेदी, मागे छोटा गाभारा, गाभाऱ्यात उभा दगड आणि पायरीवर धूप जाळायच्या दोन दगडी वेद्या. दोन्ही आडव्या पाडून जपून पुरलेल्या होत्या. २०२०मध्ये वरच्या काळ्या थराची तपासणी जाहीर झाली: मोठीवर ऊद आणि प्राण्याची चरबी, धाकटीवर गांजा आणि शेण. शेण यासाठी की गांजा हळूहळू जळावा.

म्हणजे उच्च स्थानं लोकांनी राजाच्या डोळ्याआड ठेवली असं समजू नका. राजाच त्यांचा खर्च चालवत होता. स्वतःच्या पगारी पुजाऱ्याला कोण काढणार?

रविवारचा_वर्ग
उत्तरेच्या इस्राएल राज्याचा राजा येहू, त्याच्याबद्दल कुणीच बोललं नाही. त्याला तरी भित्रा म्हणता यायचं नाही. बआलच्या उपासकांना एका देवळात जमवलं, ऐंशी माणसं दारावर ठेवून कापून काढलं आणि देऊळ पाडून त्या जागेचा शौचकूप केला. इतकं करूनही बेथेल आणि दान इथली, उत्तरेचा पहिला राजा यराबाम याची सोन्याची वासरं मात्र तशीच ठेवली. का? कारण ती वासरं त्याच्या राज्याची होती. उत्तरेच्या लोकांनी सणाला यरुशलेमला जायला लागू नये, म्हणून तर यराबामाने ती बसवली होती. बआल परका, परदेशातून आलेल्या ईजबेल राणीच्या माहेरचा. वासरू घरचं.

याच येहूचं चित्र लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयातल्या काळ्या शिळेवर आहे. अश्शूरी राजा तिसरा शल्मनेसर उभा, आणि समोर गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलेला येहू किंवा त्याचा दूत. इ.स.पू. ८४१ची खंडणी. इस्राएलच्या राजाचं आजवर मिळालेलं सर्वांत जुनं चित्र म्हणून हे ओळखलं जातं.

कुलाबकर
शौचकूपाबद्दल: यहूदातल्या लाखीश नगराच्या वेशीतल्या देवळात दगडी शौचासन सापडलं ना? २०१६ साली बातमी आली होती. वेदीची शिंगं तोडलेली आणि आसन ठेवून जागा बाटवलेली, असं उत्खनन करणाऱ्यांचं म्हणणं. काही अभ्यासकांना तो अर्थ पटलेला नाही.

निवृत्तमास्तर
दोन दिवस विचार केला. एलीयाचा मुद्दा मान्य. पण मग यहूदाचा राजा हिज्कीया, त्याचं काय? त्याच्या नावापुढे 'पण' नाही. त्याने मोशेने घडवलेला पितळी सर्पसुद्धा फोडला! रानात साप चावलेल्यांनी ज्याच्याकडे पाहून जीव वाचवला, तोच सर्प. लोक त्याला धूप दाखवायला लागले, नाव पडलं नहुश्तान. हिज्कीया म्हणाला, पितळ आहे पितळ. आणि फोडला. मोशेच्या हातची वस्तू फोडायला केवढं काळीज लागलं असेल. ती परक्या देवाची नव्हती, स्वतःच्याच वाडवडिलांची सर्वांत पवित्र आठवण होती.

म्हणून मी म्हणतो, ज्याला करायचं त्याने केलंच. बाकीच्यांनी टाळलं.

पायवाट
मास्तर, हिज्कीयानंतर त्याचाच मुलगा मनश्शे आला, पंचावन्न वर्षं राज्य केलं आणि बापाने पाडलेली सगळी उच्च स्थानं परत बांधली. फोडलं ते टिकलं का, हा खरा प्रश्न.

आणि आठवा, अश्शूरच्या राजाचा अधिकारी रब-शाके यरुशलेमच्या तटाखाली उभा राहून लोकांच्याच भाषेत ओरडून काय म्हणतो? तुम्ही म्हणाल आमचा भरवसा परमेश्वरावर आहे. पण हिज्कीयाने त्याचीच उच्च स्थानं आणि वेद्या काढून टाकल्या ना? तटावरच्या कित्येकांच्या मनात तीच सल असणार, नाहीतर शत्रूने नेमकं त्यावर बोट ठेवलं नसतं. त्या वर्षी, इ.स.पू. ७०१मध्ये, अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यहूदाची गावंच्या गावं उद्ध्वस्त केली. लाखीश पडलं. ज्याच्या गावची वेदी राजाने पाडली आणि पाठोपाठ गाव शत्रूने जाळलं, तो काय समजला असेल?

बीरशेबाची_सून
सांगितलं होतं त्याप्रमाणे. परवा मुलांना घेऊन तेल शेवाला गेले.

तिथे मोठ्या वेदीची प्रतिकृती उभी केली आहे. खरी यरुशलेमच्या संग्रहालयात आहे, मी तीही पाहिली आहे. १९७३मध्ये कोठाराची भिंत खोदताना काही दगड वेगळेच दिसले. भिंतीचे बाकीचे दगड ओबडधोबड, हे मात्र तासलेले. एकेक जोडल्यावर चार कोपऱ्यांना चार शिंगं असलेली वेदी झाली. तीन शिंगं शाबूत, एक तुटकं. उंची माझ्या खांद्यापेक्षा थोडी जास्त. म्हणजे कुणीतरी वेदी मोडली, पण दगड फेकून नाही दिले. धान्याच्या कोठाराच्या भिंतीत बसवले.

एका दगडावर वळसे घेतलेला साप कोरलेला आहे. धाकट्याने विचारलं, "आई, मोशेचा?" मास्तरांचा नहुश्तान आठवला आणि अंगावर काटा आला. त्या गवंड्याने साप असलेला दगड हातात घेतला असेल, पाहिला असेल. त्याचे आईबाप कदाचित याच वेदीपुढे उभे राहिलेले. इथून यरुशलेम सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटर. आम्ही गाडीने दीड तासात जातो. बकरं घेऊन चालत निघालेल्याला तीन दिवस.

स्वच्छंद
वहिनी, वाचून शांत बसलो काही वेळ.

एक शंका: वेदी बंद झाली तर लोक मटण कसं खात? प्राणी मारायचा तर वेदीवरच ना?

मातीचा_माणूस
फार चांगला प्रश्न. अनुवाद १२ने तीच सोय केली. मांस खायची इच्छा झाली तर आपापल्या गावात मारून खा, फक्त रक्त पाण्यासारखं जमिनीवर ओता. म्हणजे देवळाची सुधारणा करता करता रोजचं जेवणही देवापासून वेगळं झालं. तोवर घरात बकरं कापणं हाच एक विधी होता. सुधारणेने गावाचा देवच यरुशलेमला नेला आणि मागे ठेवला तो नुसता खाटीक.

चिंचेचं_झाड
हे वाक्य मनाला लागलं. माझा मुद्दा हाच होता.

रविवारचा_वर्ग
योशीयाचं राहिलं. इ.स.पू. ६२२, त्याच्या कारकिर्दीचं अठरावं वर्ष. मंदिराची डागडुजी चालू असताना हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडतो, शाफान चिटणीस राजाला वाचून दाखवतो, राजा कपडे फाडतो. ग्रंथ खरा का, हे विचारायला मोठमोठे दरबारी जातात हुल्दा नावाच्या संदेष्ट्रीकडे. मग जे सुरू होतं त्याची यादीच आहे: मंदिरातून अशेरा बाहेर काढून किद्रोनला जाळली, राख केली. मंदिरातच बायका अशेरेसाठी वस्त्रं विणत, त्या खोल्या पाडल्या. सूर्याला वाहिलेले घोडे हटवले. शलमोनाने परक्या बायकांसाठी बांधलेली उच्च स्थानं, जी तीनशेहून अधिक वर्षं यरुशलेमसमोर उभी होती, ती बाटवली. ती आसाने बघितली, यहोशाफाटाने बघितली, हिज्कीयानेही बघितली. रोज सकाळी दिसत असणार.

आणि मग? इ.स.पू. ६०९, मगिद्दोला मिसरच्या फारो नखोने योशीयाला मारलं. त्याची मुलं गादीवर आली, 'वाईट केलं' एवढंच लिहिलंय. इ.स.पू. ५९२मध्ये यहेज्केल संदेष्टा दृष्टान्तात मंदिर बघतो: सत्तर वडील अंधाऱ्या खोलीत भिंतीवरच्या चित्रांना धूप दाखवतायत, उत्तर दारात बायका तम्मूज या परक्या देवासाठी रडतायत, पंचवीस पुरुष मंदिराकडे पाठ करून सूर्याला नमस्कार करतायत. तीस वर्षांत सगळं परत.

पायवाट
म्हणून तर मला तेराव्या वर्षी पडलेला प्रश्न अजून सुटत नाही. राजांच्या आधीच्या काळातला पुढारी गिदोन, त्याने रात्री दहा गडी घेऊन बापाच्या बआलची वेदी पाडली. दिवसा पाडायची भीती वाटली म्हणून रात्री. पुढे तोच गिदोन जिंकलेल्या सोन्याचं एफोद (याजकाच्या वस्त्राच्या नावाची पूजेची वस्तू) करून आपल्या गावात, अफ्राला ठेवतो आणि सगळे इस्राएल त्याच्या नादी लागतात. सतराशे शेकेल सोनं. मूर्ती फोडणाऱ्याच्या हातूनच नवी घडली.

कुलाबकर
मग मूर्ती गेल्या केव्हा?

मातीचा_माणूस
बाबेलच्या बंदिवासानंतरच्या यहूदी प्रांतात त्या मातीच्या बाहुल्या जवळपास मिळत नाहीत. राज्य गेलं, राजा गेला, मंदिर पडलं, तेव्हा. पण सरसकट म्हणू नका. नाईल नदीतल्या एलिफंटाइन बेटावर यहूदी शिबंदीचं स्वतःचं याहूचं, म्हणजे परमेश्वराचं, देऊळ होतं. इ.स.पू. ४१०मध्ये ते पाडलं गेलं आणि ४०७मध्ये त्यांनी यहूदाच्या सुभेदाराला अर्ज केला, आमचं देऊळ परत बांधू द्या. त्यांच्या वर्गणीच्या यादीत याहूबरोबर अनत-बेथेल या दुसऱ्या दैवताच्या नावेही पैसे आहेत. योशीयाला जाऊन दोनशे वर्षं झाली होती. आणि अर्जाची भाषा अशी भाविक आहे की आपण काही चुकतोय हे त्यांच्या गावीही नाही.

बीरशेबाची_सून
त्यांना मूर्तिपूजक म्हणायला माझी जीभ वळत नाही. आमचे लोकही शतकानुशतकं कोकणात सगळ्यांपासून तुटून राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवायचा, एवढं घट्ट धरलं, म्हणून 'शनवार तेली' नाव पडलं. किती विसरलो असू आणि किती वेगळंच राखलं असेल. एलिफंटाइनच्या लोकांना यरुशलेमहून कुणी प्रेमाने सांगायला गेलं असतं तर?

लालपेन्सिल
सगळ्यांचे प्रतिसाद छापून वर्गात नेले. मास्तर, तुमचा आणि मातीचा_माणूस यांचा वाद दोन जणांनी उभं राहून वाचला.

मूळ प्रश्नाकडे येते. मला दोन वचनं मिळाली. एक, यहोशाफाटाबद्दल इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात. १७व्या अध्यायात त्याने उच्च स्थानं काढली असं आहे आणि २०व्यात काढली गेली नाहीत असं. मी आधी गोंधळले. पण २०व्यात कारणही दिलंय: लोकांनी अजून आपलं मन आपल्या पूर्वजांच्या देवाकडे लावलं नव्हतं. म्हणजे राजाने काढली असतीलही. लोकांनी परत मांडली. आता मला 'पण' हा राजावरचा ठपका वाटत नाही, लोकांची खबर वाटते.

दुसरं, २ राजे २३:९. योशीयाने गावोगावच्या उच्च स्थानांचे याजक यरुशलेमला आणले. त्यांना परमेश्वराच्या वेदीपाशी येऊ दिलं नाही, पण ते आपल्या भाऊबंदांत बसून बेखमीर भाकर खात. एवढंच वाक्य. गावची वेदी गेली, काम गेलं, मान गेला, आणि हे लोक पंगतीच्या कडेला बसून भाकर खातायत. सगळ्या जाळपोळीच्या अध्यायात हे एक वाक्य कुणी का लिहून ठेवलं असेल? आजीने इथे रेघ मारली नव्हती. मी मारली.

निवृत्तमास्तर
भित्रेपणा हा शब्द मी मागे घेतो. आसाचा तरी.

देवगडकर
मलिदा केला. गूळच घातला. उत्तम झाला, वहिनी.

चिंचेचं_झाड
@लालपेन्सिल, पुढच्या रविवारी कुठला अध्याय?

लालपेन्सिल
यिर्मया ४४. यरुशलेम पडल्यावर मिसरला पळालेल्या बायका त्याला तोंडावर सांगतात, आकाशराणीला धूप दाखवायचं सोडलं तेव्हापासूनच आमचे हाल सुरू झाले. आणि पोळ्या काय आम्ही नवऱ्यांना न विचारता केल्या? वर्गातल्या बायकांनी तो भाग स्वतःकडे मागून घेतलाय. यिर्मयाचा भाग मी वाचणार आहे.